माळशेजमधली तुटलेली रेघ

“ताई, हे गाडीसाठी हाय का माझ्यासाठी?”

मामांनी हे विचारलं तेव्हा दादाची पिकअप नारायणगावातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या शेडमध्ये उभी होती. डॅशबोर्डचं प्लास्टिक उतरवलेलं, आतल्या वायरी बाहेर आलेल्या, आणि मिस्त्रीच्या तळहातावर काडेपेटीएवढं एक काळं यंत्र, गाडी कुठे आहे हे फोनवर दाखवणारा ट्रॅकर. शेडभर ग्रीसचा आणि तापलेल्या सोल्डरचा वास. मामा म्हणजे दादाचे ड्रायव्हर. सगळा बाजार त्यांना मामाच म्हणतो. दादाने पहिली गाडी घेतली तेव्हापासून ते आमच्याकडे आहेत आणि टोमॅटोच्या हंगामात नारायणगाव ते वाशी ही रात्रीची फेरी तेच मारतात. त्यांच्या प्रश्नात राग नव्हता. आज किती क्रेट भरायचे, हे ज्या आवाजात विचारतात त्याच आवाजात त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, “गाडीसाठीच की, मामा. चोऱ्या किती वाढल्यात बघताय ना.” मामांनी मान हलवली, चहाचा कागदी कप चुरगाळून डब्यात टाकला आणि बाहेर जाऊन मागच्या टायरला हात लावून बघत राहिले. टायरला काहीही झालेलं नव्हतं.

मी मिस्त्रीला म्हटलं, आज राहू दे.

दादाला ते आवडलं नाही. गाडीच्या हप्त्यांपासून डिझेलपर्यंत सगळं त्याच्या डोक्यावर असतं, आणि भाव चढला की एका पिकअपमध्ये काय किमतीचा माल असतो हे २०२३ च्या जुलैत आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या दिवसांत टोमॅटोची गाडी घराबाहेर पडली की ती वाशीला लागेपर्यंत त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. ट्रॅकर निवडायचं काम त्याने माझ्यावर सोपवलं होतं आणि अट एकच घातली होती: लहानात लहान बघ, दिसता कामा नये. मी पाहू लागले तर बाजारातलं प्रत्येक यंत्र हेच सांगून विकलं जात होतं. कुणाला कळणार नाही, कुठेही लपेल, सीटखाली बसेल, बंपरमागे बसेल. चोरापासून लपवायचं हे मला पटत होतं. सराईत चोर आधी स्टेअरिंगखाली हात घालतो, तिथे काही खोचलेलं दिसलं तर उपटून फेकतो. पण चोर गाडीत असतो काही मिनिटं. मामा तिथे रात्र काढतात. त्या केबिनमध्ये त्यांचा डबा असतो, गुडघ्याला लावायचं तेल असतं, आरशाला बांधलेला खंडोबाचा भंडारा असतो. गाडीसाठी आणि माझ्यासाठी यांत त्यांनी केलेला फरक दादाला सोपा वाटला, मला तो त्या शेडमध्ये उभ्या उभ्या अवघड वाटायला लागला. गाडी कुठे आहे हे कळलं की माणूस कुठे आहे हे आपोआप कळतंच.

आमच्या लहानपणी गाडी कुठे आहे हे कुणालाच कळत नसे. वडिलांचा टेम्पो संध्याकाळी भरून निघायचा, आळेफाटा, ओतूर करत माळशेज उतरून मुरबाड, कल्याणमार्गे मुंबईकडे जायचा, आणि मग थेट दुसऱ्या दिवशी दुपारी दारात उभा राहायचा. मधल्या वेळात काही कळलंच तर अडत्याच्या गाळ्यावरून शेजारच्या दुकानात फोन यायचा: गाडी लागली. एवढंच. माल कसा गेला हे विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात पडल्यावर. आईला त्या टेम्पोच्या इंजिनाचा आवाज गावाच्या वेशीपासून ओळखू यायचा, आणि तो आला की ती काही न बोलता स्टोव्ह पेटवायची. पावसाळ्यात घाटात दरड आली की रात्र रात्र नुसती वाट. तेव्हा लोक निवांत होते असं हल्ली पुष्कळजण लिहितात. मी त्या घरात वाढले आहे, निवांतपणा तिथे नव्हता. आई झोपत नसे. फक्त काळजी कुणाच्या अंगावर फोन करून टाकता येत नसे, त्यामुळे वडिलांना घाटात ती जाणवत नसे. तो फरक लहान नाही.

आणि गंमत अशी की आमचा भाग आकाशाकडे कान लावून बसलेला भाग आहे. आर्वीचं विक्रम उपग्रह भूकेंद्र आमच्या जन्माआधीपासून तिथे आहे, देशाबाहेरचे फोन उपग्रहावरून जोडायला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहिलेलं. खोडदला खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभारलेली रेडिओ दुर्बीण आहे: तीस अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, काही एका ठिकाणी जवळजवळ, बाकीच्या तीन दिशांना शिवारांमधून लांबवर पसरलेल्या. फेब्रुवारीत विज्ञान दिनाला शाळा आम्हाला तिथे न्यायची. तिथल्या एका शास्त्रज्ञांनी आम्हाला सांगितलेलं आठवतं, की ही तबकडी काही पाठवत नाही, नुसती ऐकते, आणि जे ऐकायला येतं ते इतकं क्षीण असतं की जवळपासच्या मोटारीच्या ठिणगीचाही त्याला त्रास होतो. त्या तारांच्या जाळीखाली कांद्याची रोपं लावलेली होती. मला ती जागा तेव्हा फार आवडली होती, अजून आवडते.

मिस्त्रीच्या हातातलं ते यंत्रही तेच करतं. त्यात एक चौकोनी सिरॅमिकची चकती असते, तीच त्याची अँटेना. सुमारे वीस हजार किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश ती ऐकते. उपग्रह आपली वेळ आणि आपली जागा सांगत राहतात. किमान चार उपग्रहांचं ऐकू आलं की यंत्र आपण कुठे आहोत हे स्वतःच काढतं. त्या उपग्रहांवरची अणुघड्याळं पृथ्वीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात, आइन्स्टाइनच्या सिद्धांताने सांगितलं होतं तशी, आणि ती दुरुस्ती आधीच करून ठेवली नसती तर दिवसभरात ठिकाण दहाएक किलोमीटरने चुकलं असतं. नारायणगावची गाडी आळेफाट्याच्या वाटेवर दिसली असती. अमेरिकेने हे जाळं, म्हणजे जीपीएस, सैन्यासाठी उभं केलं. १९८३ मध्ये कोरियाचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं, त्यानंतर ते सर्वांसाठी खुलं करायचं जाहीर झालं. तरीसुद्धा मे २००० पर्यंत सामान्यांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे, शंभर मीटरपर्यंतची. माळशेजमध्ये शंभर मीटर म्हणजे रस्ता आणि दरी यांतलं अंतर. आज हे ऐकण्याचे कुणी पैसे घेत नाही, आणि आपण ऐकतोय हे उपग्रहाला कळतही नाही. इथपर्यंत त्या यंत्रात कुणाच्या पाळतीचा संबंध नाही. खोडदच्या तबकडीसारखंच ते फक्त ऐकतं.

पाळत सुरू होते ती त्याच डबीतल्या सिमकार्डापासून.

दुकानात गेल्यावर हा भाग कुणी नीट सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबते. ट्रॅकर म्हणजे दोन यंत्रं एका डबीत. एक वरचं ऐकणारं, दुसरं ऐकलेलं मोबाइलच्या टॉवरवरून कंपनीच्या सर्व्हरकडे पोचवणारं. माळशेजमध्ये पहिलं चालतं, दुसरं पडतं. वर आकाश आहे, खाली टॉवर नाही. म्हणून मी प्रत्येक दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारला: रेंज गेल्यावर हे ठिकाणं साठवून ठेवतं का, आणि रेंज आल्यावर मागची सगळी पाठवतं का? काही स्वस्त यंत्रं नाही ठेवत. गाडी घाटमाथ्यावर दिसते आणि मग एकदम टोकावड्याला, मधे सरळ रेघ, डोंगराच्या पोटातून गेल्यासारखी. दुसरा प्रश्न सिमचा. कमी किमतीची बरीच यंत्रं अजून फक्त टू-जी वर चालतात. जिओकडे टू-जी नाहीच, आणि बाकीच्यांचं टू-जी आणखी किती वर्षं राहील यावर आज नव्या वस्तूचे पैसे लावावेत असं मला वाटत नाही. फोर-जीचं थोडं महाग पडतं, ते घ्यावं. आणि तिसरं, लहानपणाची किंमत. डबी जेवढी लहान तेवढी आतली चकती लहान, बॅटरी लहान. चकतीला आकाश दिसावं लागतं. प्लास्टिकमधून तिला दिसतं, पत्र्यामधून दिसत नाही. सीटखाली, पत्र्याच्या कप्प्यात लपवलेलं यंत्र चोराला सापडत नाही हे खरं, पण उपग्रहांनाही सापडत नाही. दादाच्या अटीतला “दिसता कामा नये” हा भाग तिथेच अर्धा गळून पडला.

दुकानदाराने एक लोहचुंबकवालं, स्वतःच्या बॅटरीवर चालणारं यंत्र आम्हाला वापरून बघायला दिलं. मामांना मी स्पष्ट सांगितलं, की हे अमुक आहे, असं चालतं, दादा आणि वहिनी यांच्या फोनवर दिसेल. ते म्हणाले, “मग लपवता कशाला, माझ्या समोरच ठेवा.” त्यांनी ते स्वतः समोरच्या काचेखाली, भंडाऱ्याच्या पुडीशेजारी ठेवलं.

त्या रात्री मी दादाकडेच होते. वहिनीने फोन उशाशी घेतला होता. आजवर ती गाडी निघाली की झोपायची, कारण जागून काही कळणारच नव्हतं. आता दर काही मिनिटांनी खोलीत फोनचा निळा उजेड पडत होता. ओतूर गेलं, पिंपळगाव जोग्याचं धरण गेलं. मग मध्यरात्रीनंतर ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. बोलली नाही, फोन पुढे केला. नकाशावर गाडीचा ठिपका रस्ता सोडून दरीत होता आणि हलत नव्हता. मला कारण माहीत होतं. घाटात एका बाजूला कातळाची भिंत, अर्धं आकाश झाकलेलं, उरलेल्या उपग्रहांचे संदेश ओल्या कातळावर आपटून उशिरा येतात आणि यंत्राचा हिशेब बाजूला सरकतो. त्यातच रेंज जाते आणि शेवटचं चुकलेलं ठिकाण तसंच पडद्यावर गोठून राहतं. हे सगळं मी तिला सांगितलं. तिने ऐकलं, मान हलवली, आणि देवघरात जाऊन दिवा लावला. दादा मामांना फोन लावत होता, लागत नव्हता. मीही, सगळं माहीत असून, त्या ठिपक्याकडून नजर काढू शकले नाही. पुष्कळ वेळाने ठिपका उडी मारून टोकावड्याच्या पुढे गेला आणि मागची वळणं एकेक करून भरत आली. वहिनी म्हणाली, “आधी बरं होतं.” आणि थोड्या वेळाने, “पण काढू नका.”

ही दोन्ही वाक्यं खरी आहेत असं मला वाटतं. यंत्र निवडताना त्यांतलं एकच ऐकून चालत नाही.

याच वाटेने एकदा दुसरं कुणी तरी गळ्यात यंत्र घालून गेलं होतं. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक वयस्क बिबट्या वनखात्याने बाहेर काढला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या गटाने त्याला जीपीएस कॉलर घातली, कातडीखाली ओळखीची चिप बसवली आणि माळशेजला सोडलं. त्याचं नाव आजोबा ठेवलं होतं. आजोबा घाट उतरला आणि चालत राहिला, महामार्ग, रेल्वेचे रूळ, कारखान्यांच्या वस्त्या ओलांडत, वसईची खाडी पार करून सुमारे १२० किलोमीटरवरच्या मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. टोमॅटोच्या गाड्या जातात जवळजवळ त्याच दिशेने. २०११ च्या अखेरीस घोडबंदर रस्त्यावर गाडीच्या धडकेने तो गेला आणि त्या चिपवरूनच ओळखला गेला. आमच्या जुन्नर तालुक्यात बिबट्या म्हणजे उसातून येणारी भीती. माझ्या ओळखीच्या घरात लेकरू गेलेलं आहे, त्यामुळे बिबट्याबद्दल हळवं बोलणं मला जमत नाही. पण त्या कॉलरमुळे एक गोष्ट सगळ्यांना कळली: पकडून लांब सोडलेलं जनावर तिथे राहत नाही, आपल्या वाटेने निघून जातं. कॉलरचा तो उपयोग मोठा होता. त्याला मात्र कुणी विचारलं नव्हतं, विचारताही आलं नसतं. मामांनी विचारलं. विचारू शकणाऱ्या माणसाला कॉलर घालायची तर आधी उत्तर द्यावं लागतं.

आत्याची गोष्ट याच उन्हाळ्यानंतरची. आत्या आळंदीहून माउलींबरोबर पायी वारी करते. यंदा तिच्या मुलाने तिच्या पिशवीच्या तळाशी एक टॅग टाकून दिला, तिला न सांगता. सांगितलं तर नको म्हणेल, म्हणून. हे टॅग फार देखणे असतात, रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, दहा-अकरा ग्रॅमचे, घड्याळात असते तशा एका चपट्या सेलवर वर्षभर चालणारे. ॲपलने २०२१ मध्ये एअरटॅग आणला तेव्हापासून लोक बॅगेत, किल्ल्यांना, गाडीतही ते टाकायला लागलेत. पण त्यांच्यात जीपीएस नसतं, सिम नसतं. ते नुसती ब्लूटूथची बारीक साद घालत राहतात, आणि शेजारून जाणाऱ्या कुणाच्या तरी फोनला ती ऐकू आली की त्या फोनची जागा मालकाला कळते. म्हणजे ते आकाशाच्या नाही, गर्दीच्या जिवावर चालतात. वारीत गर्दीला तोटा नाही. दिवे घाटात टॅग उत्तम चालला असणार. मध्यरात्री रिकाम्या माळशेजमध्ये तोच टॅग मुका होईल, कारण ऐकायला कुणी नाही. गाडीचा ट्रॅकर आणि टॅग यांत निवड करताना मला हा फरक सगळ्यात उपयोगी वाटला: तुमची वस्तू हरवली तर ती माणसांत हरवेल की मोकळ्या रानात? विमानाच्या बॅगेला टॅग पुरतो. रात्रीच्या मालगाडीला पुरत नाही.

तर वारीत झालं असं, की आत्याच्या दिंडीत तिच्याबरोबर चालणारी एक कॉलेजची मुलगी होती, पुण्याची. जेजुरीच्या पुढे तिच्या फोनवर सूचना आली, की एक अनोळखी टॅग बऱ्याच वेळापासून तुमच्याबरोबर फिरतोय. ही सोय चांगलीच आहे. कुणी बाईच्या पर्समध्ये गुपचूप टॅग टाकून पाठलाग करू नये म्हणून ती केलेली आहे, आणि २०२४ च्या मे महिन्यापासून ॲपल आणि गूगल दोघांनी मिळून ती दोन्ही प्रकारच्या फोनवर आणली. पण ती पोरगी घाबरली. तंबूत सगळ्यांच्या पिशव्या उलट्या केल्या गेल्या. टाळ, वाती, गोळ्यांच्या पट्ट्या, सुपारीच्या चंच्या, आणि आत्याच्या लुगड्याच्या घडीतून तो पांढरा गोल निघाला. आत्या फोनवर मला हे सांगत होती तेव्हा तिच्या आवाजात लाज होती. लेकाने आपल्याला हरवणारं समजलं याची, आणि आपल्यामुळे परक्याच्या पोरीला भीती वाटली याची. तिने तो टॅग फेकला नाही. त्या मुलीकडून माहिती करून घेतली, पिशवीला बाहेरून लाल दोऱ्याने बांधला, आणि दिंडीत सगळ्यांना दाखवला. “आता माझी मी ठेवलाय,” म्हणाली.

मला हवं होतं ते उत्तर आत्याने दिलं होतं. तरी निवड बाकी होती, आणि निवड म्हणजे शेवटी बारीकसारीक गोष्टींचं काम असतं.

लोहचुंबकवालं यंत्र परत केलं. त्याला वायर लागत नाही, कुठेही चिकटतं, हे सोयीचं. पण दर काही सेकंदांनी ठिकाण पाठवायला लावलं की बॅटरी झरझर उतरते, आणि तासाला एकदा पाठवायला लावलं तर ती टिकते पण रात्रीच्या फेरीला त्याचा उपयोग राहत नाही. शिवाय चार्ज करायचं कुणी लक्षात ठेवायचं? ज्यांच्याकडे कधीमधी फिरायला काढायची गाडी आहे, किंवा जे दुसऱ्याच्या गाडीने लांब जातात, त्यांना ते बरं. स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायचं यंत्र बसवायला सगळ्यात सोपं, मिस्त्रीही लागत नाही, स्वतःच्या कारसाठी मी तेच घेईन. पिकअपमध्ये मात्र मामांचा गुडघा नेमका तिथे येतो. राहिलं वायरचं. लाल वायर बॅटरीला, काळी बॉडीला, तिसरी चावीच्या लाइनवर, म्हणजे गाडी चालू आहे की बंद हे त्याला कळतं आणि बंद असताना ते स्वतः झोपतं. नाही तर आठवडाभर उभ्या गाडीची जुनी बॅटरी ते हळूहळू पिऊन टाकतं. आत छोटी बॅटरी असावी, म्हणजे वायर कापली तरी निदान एक शेवटचा संदेश जातो. ‘नाविक’ या भारताच्या स्वतःच्या, जीपीएससारख्या उपग्रहांचंही ऐकणारं असावं. टॅक्सी आणि बसगाड्यांसाठी २०१९ पासून सक्तीच्या झालेल्या एआयएस-१४० मानकाच्या यंत्रांना ते लागतंच. इस्रोचे ते उपग्रह खूप उंचावरून आपल्याच भागावर फिरतात, त्यामुळे घाटाच्या चिंचोळ्या आकाशातही एखादा सापडण्याची शक्यता जास्त. पण त्यांतल्या पहिल्याची अणुघड्याळं बिघडली, पुढेही अडचणी आल्या, म्हणून नुसत्या नाविकवर भिस्त ठेवू नये, जीपीएस आणि नाविक दोन्ही हवेत.

एक वायर मी जोडू दिली नाही. फोनवरून इंजिन बंद करायची. मिस्त्री मोठ्या उत्साहाने रिले, म्हणजे लांबून चालणारा स्विच, दाखवत होता: गाडी चोरली की इथून बटण दाबा, जागेवर उभी. चांगली यंत्रं वेग कमी झाल्यावरच इंजिन तोडतात हे मला माहीत आहे. तरी ज्या वायरवर घाटात एका माणसाचा जीव आहे तिचं बटण दुसऱ्या गावात, घाबरलेल्या माणसाच्या हातात असू नये. त्या रात्री ठिपका दरीत दिसत होता आणि दादाचा हात थरथरत होता, ते मी पाहिलं आहे. आणि दुसरं, पासवर्ड. अशा कित्येक यंत्रांना कारखान्यातून एक ते सहा आकड्यांचा ओळीने लिहिलेला पासवर्ड येतो आणि बसवणारा तो तसाच सोडून देतो. २०२२ च्या जुलैत अमेरिकेच्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने एका स्वस्त, जगभर खपलेल्या ट्रॅकरबद्दल उघड इशारा दिला होता, की कुणीही लांबून गाडीचं ठिकाण बघू शकेल आणि तिचं इंधन तोडू शकेल. मालकाने आपल्या ड्रायव्हरवर नजर ठेवावी की नाही हा वाद आपण घालतो, आणि दार सगळ्या जगाला उघडं असतं. मिस्त्रीसमोर बसून पासवर्ड बदलून घेतला.

डोंगरात भटकणारे मित्र विचारतील म्हणून सांगते, रेंज नसताना थेट उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रं परदेशात सर्रास मिळतात आणि माळशेजला तीच खरी चालली असती. पण आपल्याकडे परवान्याशिवाय ती बाळगणं गुन्हा आहे. २०२४ च्या डिसेंबरात गोव्यात विमानतळावर परदेशी प्रवाशांवर त्यासाठी कारवाई झाली. नातलग हौसेने पाठवत असतील तर नको म्हणा. हरिश्चंद्रगडावर वाट चुकलेल्या पोरांसाठी ही परवानगी सोपी व्हावी असं मला मनापासून वाटतं.

यंत्र बसवायच्या दिवशी दादा, मी आणि मामा पुन्हा शेडमध्ये गेलो. जाण्याआधी घरी बसून बोललो होतो, आणि ते बोलणं बरंच लांबलं. मामांनी दोनच गोष्टी मागितल्या. गाडी चालत असताना फोन करायचा नाही, ठिपका कुठेही दिसो. आणि गाडी खाली करून ते घरी गेले, गाडी त्यांच्या दारात लागली, की उद्या सकाळपर्यंत कुणी बघायचं नाही. “मी तमाशाला गेलो का देवाला गेलो, ती माझी येळ.” दादा आधी गप्प बसला. यंत्र चोवीस तास लिहीत राहतं, मागचे कित्येक महिने साठवतं, हे त्याला माहीत होतं, मामांना मीच सांगितलं होतं. मग तो म्हणाला, “पण चोरी रातच्यालाच व्हती ना, मामा.” त्यावर मामांनीच तोड काढली. गाडीला धक्का लागला किंवा चावी फिरली की फोन वाजतो ती सूचना रात्रभर चालू ठेवायची, आणि ती त्यांच्याही फोनवर यायला हवी. गाडी माझ्या दारात हाय, पहिला मी उठणार. ॲपचं तिसरं खातं मामींच्या नावाने काढलं. त्यांना मराठीत दिसेल असं ॲप शोधायला मला आणखी एक कंपनी बदलावी लागली, वर्गणी जरा जास्त पडली, आणि ती जास्तीची रक्कम या सगळ्या खर्चात मला सर्वांत सार्थ वाटते. कारण इतकी वर्षं वहिनीला काही कळत नव्हतं तसं मामींनाही कळत नव्हतं, आणि त्यांच्याकडे तर अडत्याचा फोनही येत नव्हता.

सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. दादाने एकदोनदा रात्री ॲप उघडलं असेल, मी विचारलं नाही. मामा पूर्वी घाटाच्या वर एका टपरीवर चहाला बराच वेळ थांबायचे, आता लवकर निघतात असं वहिनी म्हणते. कुणी त्यांना सांगितलेलं नाही. बघणारा डोळा आहे हे माहीत झालं की माणूस थोडा बदलतोच, डोळ्याने कितीही शब्द दिलेला असो. ते थांबणं त्यांच्या पाठीसाठी होतं, वेळेसाठी नव्हतं, म्हणून मी दादाला तसं बोलले आणि दादा मामांशी बोलला. आता थांबतात की नाही ते नकाशावर बघायचं मी टाळते.

पुढच्या महिन्यात दादाची दुसरी पिकअप येतेय. तिच्यावर ओतूरचा एक तरुण मुलगा येणार आहे, नुकतं लग्न झालेला. त्या गाडीचं यंत्र कुठे बसवायचं आणि त्या मुलाशी काय काय बोलून घ्यायचं, हे दोन्ही मामांनी आपल्याकडे घेतलंय. मला त्यांनी फक्त एक काम सांगितलंय: त्याच्या बायकोच्या फोनवर ते ॲप चालेल ना, हे आधी बघून ठेवा.